दाराची डावी बाजू

सुपार्मीकाकींनी तिसऱ्यांदा चहा ओतला, तरी मी मूळ विषयाला हात घातला नव्हता. भातातल्या उंदरांवर बोलून झालं, पाटाच्या पाण्यावर बोलून झालं, पलीकडच्या आळीतल्या लग्नात रस्सा किती पातळ होता यावरही बोलून झालं. आमच्या गावात कुणाच्या दारी काही मागायला गेलं, की मागणं सोडून सगळं बोलायचं असतं. मागणं समोरच्यानं आपणहून ओळखायचं. मी दार्सिनीसाठी मागायला आलो होतो, आणि काकींना ते मी कुंपणातून आत शिरतानाच कळलं असणार.

दार्सिनीचं घर काकींच्या अंगणात उभं होतं. घर तिचं, जमीन काकींची. आमच्याकडे याचं कुणाला नवल वाटत नाही. जमीन एकाची, तिच्यावरचा नारळ दुसऱ्याचा आणि घर तिसऱ्याचं, असं सर्रास असतं. घर म्हणजे तरी काय, सागाचे चार खांब, वर कौलं, भोवती बांबूच्या तट्ट्या. वेळ आली की उचलायचं आणि चालू लागायचं. दार्सिनी नवी नवरी म्हणून आली तेव्हा काकींचे यजमान, मार्तोकाका, यांनी तिच्या नवऱ्याला ही जागा दिली. भाडं कधी घेतलं नाही. दार्सिनी रोज उजाडायच्या आत अख्खं अंगण झाडायची, काकींच्या शेतात लावणीला सगळ्यांच्या आधी उतरायची, त्यांच्याकडे जेवणावळ असली की आदल्या दिवसापासून चुलीपुढे बसायची. असं कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. मार्तोकाका गेले, मग तिचा नवरा गेला, पण तिचा खराटा काही थांबला नाही.

आता काकींचा मुलगा हेंद्रो सुराबायाहून आला होता. तिथल्या कारखान्यात त्याचं बरं चाललंय. आईला पक्कं घर बांधायचं आणि पुढे फरशी घालायची, असं त्याच्या मनात होतं. दार्सिनीला घर हलवायला सांगताना बिचारा इतका अवघडला, की निम्मं वाक्य त्यानं कोंबड्यांकडे बघून पुरं केलं. दार्सिनीनं मान डोलावली आणि त्याला परतीच्या वाटेसाठी पेरू बांधून दिले.

जागेची अडचण नव्हती. माझ्या परसात बांबूच्या बेटापाशी मोकळं होतं, ते मी देऊ केलं. बायको म्हणाली, "बरं झालं, आपलंही अंगण झाडलं जाईल," आणि लगेच जीभ चावली. तेव्हा अडचण घराची नव्हतीच. अडचण होती ती दाराच्या डाव्या बाजूची.

आमच्यात मूल जन्मलं की त्याची नाळ आणि वार धुऊन, मीठ आणि फुलं घालून मातीच्या मडक्यात ठेवतात आणि दारापाशी पुरतात. मुलगा असला तर उजवीकडे, मुलगी असली तर डावीकडे. वर दिवा लावतात आणि वाऱ्यानं विझू नये म्हणून टोपली पालथी घालतात. हे मुलाचं पाठचं भावंड. मूल जगाच्या पाठीवर कुठंही गेलं तरी ते जमिनीत राहून त्याला सांभाळतं. दार्सिनीला एकच लेक झाली, रुमिनी, आणि तिचं मडकं त्या दाराच्या डावीकडे होतं.

रुमिनी आखातात घरकामाला गेली. सुरुवातीला ईदच्या दिवशी तिचा फोन माझ्या घरी यायचा. दार्सिनी नवं पातळ नेसून येऊन बसायची आणि फोनवर मात्र फक्त "जेवलीस का?" एवढंच चार वेळा विचारायची. मग एका ईदला फोन आला नाही. पुढच्या ईदलाही नाही. तिला पाठवणाऱ्या दलालाच्या कचेरीत मी गेलो, तर तिथं मोटारसायकलींचं दुकान झालेलं. तालुक्याला गेलो, तिथं सगळ्यांनी माझ्याशी फार सभ्यपणे बोलून मला परत पाठवलं. त्यालाही आता खूप वर्षं झाली. मेलेल्या माणसाची सातव्या दिवसाची, चाळिसाव्या दिवसाची जेवणं गाव घालतं, पण रुमिनीची घालायची कशी? ती मेली असं कुणी सांगितलेलं नाही. एकदा आमच्या मशिदीतल्या म्हाताऱ्या मौलवींनी हळूच विचारून पाहिलं, तर दार्सिनी त्यांना म्हणाली, "तिचं भात-पाणी माझ्या घरी झाकून ठेवलेलं असतं, तुम्ही काळजी करू नका." पुन्हा कुणी विचारलं नाही.

रुमिनीचा जन्म गुरुवारी, आमच्या पाच दिवसांच्या बाजारचक्रातल्या वागेच्या दिवशी झाला. हे दोन्ही जुळून फिरून आले, की त्या संध्याकाळी दार्सिनी दाराच्या डावीकडे दिवा लावायची. ज्या लेकीची कबर नाही, तिचं गावात एवढंच उरलं होतं.

मला तिनं काकींकडे पाठवलं ते पपईची पानं निवडता निवडता. मान वर न करता म्हणाली, "सार्दीदादा, घराचं काही नाही हो. घर काय, कुठंही उभं राहील. पण तेवढ्या हातभर जागेवर फरशी नको. त्याखाली तिचा जीव घुसमटेल." एवढं बोलायला तिला किती दिवस लागले असतील, हे मला तिच्या हातांवरून कळलं. एकच पान ती पुन्हा पुन्हा निवडत होती.

तर तो तिसरा चहा. मी म्हणालो, "काकी, तुमचं अंगण मात्र काय बसलंय. दार्सिनीच्या दारापुढचं तर विशेष. पिढी गेली तिथं खराटा फिरतोय."

"हेंद्रोला अख्ख्या अंगणात फरशी हवीय," काकी म्हणाल्या.

"अख्ख्या?"

"शहरात तसंच असतं म्हणतो. माझं बोलणं झालंय फरशीवाल्याशी." मग ग्लासावर झाकण ठेवत त्यांनी विचारलं, "उंदरांना तू औषध घातलंस की नुसतीच घुबडांवर भिस्त ठेवलीयस?"

आमच्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत. विषय बदलतात. काकींनी विषय बदलला, म्हणून मी उठलो. दार्सिनी वाटच बघत होती, पण तिनंही विचारलं नाही. मी म्हणालो, "काकी उंदरांचं विचारत होत्या." ती समजली. "चहा दिला ना त्यांनी?" म्हणाली आणि आत गेली.

घर हलवायचा दिवस काकींनीच बघून ठरवला. आदल्या दिवशी कौलं उतरवून माझ्या परसात रचून ठेवली. खांबांना आडवे-उभे जाडजूड बांबू बांधले. त्या दिवशी सकाळी सगळी आळी जमली. अशा कामाला कुणाला बोलवावं लागत नाही आणि कुणी मजुरी घेत नाही. काकींनी स्वतःच्या चुलीवर सगळ्यांसाठी भात आणि सोयाबीनचं तळलेलं टेम्पे केलं होतं. जाणाऱ्या घराचं जेवण त्या घालत होत्या, आणि पोरं त्यांची थट्टा करत होती की काकी, घर घालवायची एवढी घाई? काकी त्यांना म्हणाल्या, "खा मुकाट्यानं. उचलताना पोटात काही नसलं तर घर माझ्याच पायावर पडायचं."

मी जरा लवकर गेलो होतो. बांबू नीट बांधलेत का ते बघायला वाकलो, तर दाराच्या डावीकडे ताजा खड्डा. शेजारी माती नीट ढीग करून ठेवलेली, आणि दार्सिनी पायरीवर बसलेली. पूर्वी तिनं लेकीला ज्या झोळीत कडेवर बांधलं होतं, तीच झोळी आता खांद्यावरून घेतलेली, आणि झोळीत मडकं. मडक्यावरचं झाकण तिनं काढलं नव्हतं. तिच्या नखांत माती होती.

पुरलेलं वर काढायचं नसतं. वर काढलं की भावंडाची जागा जाते, आणि मग ते कुणाला सांभाळणार? हे तिलाही माहीत होतं, माझ्यापेक्षा जास्त. मी एवढंच म्हणालो, "दार्सिनी."

"दुसऱ्याच्या फरशीखाली कसं ठेवू, दादा?" ती म्हणाली. "माझ्या पाठोपाठ तिला येऊ दे."

मी तिच्या शेजारी बसलो. मला रडू आलं ते मी तंबाखूच्या निमित्तानं तोंड फिरवून पुसलं.

मग माणसं आली आणि कामाला लागायचं झालं. घर उचलण्याची हाक आमच्याकडे मीच देतो. माझा आवाज मोठा आणि खांदा निकामी, म्हणून हे काम मला. उचललेलं घर मध्ये खाली टेकवायचं नसतं. एकदा उचललं की नव्या जागी जाऊनच ठेवायचं, नाहीतर त्या घरात सुख लागत नाही. म्हणून हाक देणारा आधी वाट साफ करून घेतो, कुत्री-पोरं बाजूला करतो आणि मगच तोंड उघडतो. मी हाक दिली. माणसांनी खांदे दिले. खांब करकरले, आणि दार्सिनीचं घर जमिनीवरून सुटून माणसांच्या डोक्यांवर आलं. खाली उरला तो त्याच्या आकाराचा चौकोन, कोरडा, फिकट, त्यावर चुलीची काळी खूण.

काकी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आल्या. जाणाऱ्या घरामागे पाणी शिंपडायचं होतं. दोन पावलं टाकली आणि त्या खड्ड्यापाशी थांबल्या.

"हे कुणी उकरलं?"

तीस-चाळीस माणसं घर खांद्यावर घेऊन उभी, आणि मला पुढची हाक देता येईना.

"मी, ताई," दार्सिनी म्हणाली.

काकींनी तिच्या झोळीकडे पाहिलं. त्यांच्या हातातला तांब्या कलला आणि पाणी त्यांच्याच पायांवर सांडलं. "तेवढी जागा सोडायला सांगितलंय मी फरशीवाल्याला," त्या म्हणाल्या. "हेंद्रोशी भांडून सांगितलंय. तुझा नवरा तेव्हा बाहेरगावी होता. माझ्या यजमानांनी पुरलं ते मडकं. नाळ-वार मी माझ्या हातांनी धुतली. त्यावर मी फरशी घालीन?"

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सार्दी, तुला सांगितलं होतं ना, माझं बोलणं झालंय म्हणून?"

आपण केलेलं भलं आपल्याच तोंडानं उलगडून सांगायचं, तर घेणारा लहान होतो. म्हणून काकींनी ते सांगितलं नव्हतं. स्पष्ट विचारावं तर देणाऱ्याला कोंडीत धरल्यासारखं होतं, म्हणून मी विचारलं नव्हतं. आम्ही सगळेच रीतीनं वागलो होतो. मला आमच्या त्या रीतीचा इतका संताप कधी आला नव्हता.

"सार्दीदा, बोल काहीतरी," बांबूखालचा एक जण दात आवळून म्हणाला. "खांदा मोडतोय."

दार्सिनी घराकडे बघत होती, मग खड्ड्याकडे. परत ठेवता आलं असतं का? माझ्या मनात आलं, तिच्याही आलं असेल. पण वर काढलेलं त्याच जागी परत पुरत नाहीत. आणि घर तर आता जमिनीवर नव्हतंच.

तिनं झोळी दोन्ही हातांनी धरली आणि काकींपुढे वाकली. "मला ठाऊक नव्हतं, ताई," म्हणाली. मग मला म्हणाली, "हाक द्या, दादा. माणसं अवघडलीत."

मी हाक दिली. घर चालू लागलं. पुढे मी, मध्ये घर, आणि मागे दार्सिनी, पोटाशी झोळी धरून. एरवी अशा वेळी पोरं आरडाओरडा करतात, कुणी गाणं म्हणतं. त्या दिवशी पाटावरच्या वळणापर्यंत नुसते पायांचे आवाज होते. बांबूच्या बेटापाशी आम्ही घर ठेवलं, आणि कौलं चढायच्या आधी दार्सिनीनं नव्या दाराच्या डावीकडे खड्डा घेतला. मी घ्यायला गेलो तर नको म्हणाली.

फरशीवाला ठरल्याप्रमाणे आला. त्यानं अख्ख्या अंगणात फरशी घातली, लाल, गुळगुळीत, आणि सांगितल्याप्रमाणे एक हातभर चौकोन उघडा सोडला. तो खड्डा काकींनी आधीच स्वतः बुजवला होता. हेंद्रोनं विचारलं, आता इथं काही नाही, मग ही जागा कशाला? काकींनी त्याला उंदरांचं काहीतरी सांगितलं.

पुढच्या वागेच्या गुरुवारी दिवेलागणीला दार्सिनीनं बांबूच्या बेटापाशी दिवा लावला. मी कापलेलं भात झाकायला शेताकडे निघालो होतो, काकींच्या कुंपणावरून सहज नजर गेली. त्या उघड्या चौकोनात पालथी टोपली होती आणि तिच्या विणीतून उजेड येत होता. काकी ओसरीत पाठ करून बसल्या होत्या. मी तसाच पुढे गेलो. एका लेकीचे आता दोन दिवे लागतात, हे मी दार्सिनीलाही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सकाळी काकींकडे बियाणं आणायला गेलो. फरशीवर दव होतं. काकी अजून आतच होत्या. तेवढ्या मातीच्या तुकड्यावर कुणीतरी उजाडायच्या आत खराटा फिरवून गेलं होतं. हिरांच्या रेघा या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारख्या ओढलेल्या होत्या. फक्त मधोमध, जिथं रात्रीपासून टोपली पालथी होती, तिथं त्या रेघा वळसा घालून गेल्या होत्या.