निशिगंधाचा घाणा

मित्रांनो, थांबा! चपला ठेवायला उचलून नेऊ नका मला. मी खोका नाही. मी साबणाचा साचा आहे, चांगला वयस्क, आणि आज मी इतका खुशीत आहे की सगळे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. आमचा निशिगंधाचा साबण जमला! पांढराशुभ्र, गुळगुळीत! पण असे शेवटापासून सांगितले तर तुम्हाला काय कळणार? जन्मापासून सांगतो.

मी पूर्वी एका पलंगाचा भाग होतो. पलंग मोडला, तेव्हा या घरच्या सासरेबुवांनी त्याच्या फळ्या जपून ठेवल्या. ते निवृत्त सुतार. निवृत्ती आपली म्हणायला; हातात रंधा नसला की त्यांना जेवण जात नसे. एक दिवस धाकटी सून त्यांना म्हणाली, "बाबा, साबण ओतायला एक लांबट पेटी कराल का?"

"साबणाला आता घरही लागायला लागलं का?" असे म्हणून ते हसले आणि लगेच कामाला लागले. मला एकही खिळा नाही. सगळे सांधे खाचेत बसवलेले. माझी एक बाजू सरकवून काढता येते, त्यामुळे साबणाची लादी न मोडता बाहेर निघते. थोरल्या सुनेने मला उलटसुलट फिरवून पाहिले आणि म्हणाली, "देखणा आहे हो!" मित्रांनो, त्या एका शब्दावर मी पुढची कित्येक वर्षे काढली.

मग सुरू झाले माझे काम. थोरली आणि धाकटी या दोघी जावा स्वयंपाकघरात साबण करत. धाकटी गॅलरीत जाऊन पाण्यात कॉस्टिक सोडा विरघळवायची, कारण त्याची वाफ नाकात गेली की जीव नकोसा होतो. थोरली आत खोबरेल, एरंडेल आणि ऑलिव्हचे तेल कोमट करायची. सोड्याचे पाणी निवले की ते तेलात ओतून हातब्लेंडर फिरवायचा. मिश्रण दाटू लागले आणि वरून सोडलेली धार क्षणभर रेघ होऊन टिकली, की "रेघ आली!" मग मिश्रण माझ्यात. मग मला ब्लँकेटमध्ये गुंडाळायचे आणि दुसऱ्या दिवशी लादी काढून वड्या कापायच्या. आतून साबण तापतो ना, तेव्हा मला जी ऊब मिळते, ती काय सांगू तुम्हाला!

एक नियम मात्र कडक होता. सोडा बाहेर काढला की दोघींची तोंडे बंद. एकदा धाकटीला हसू आवरले नाही, हात हिंदकळला आणि एक थेंब थोरलीच्या मनगटावर उडाला. त्या दिवसापासून तोंडाला मास्क आणि वर मौन. घाणा ओतून होईपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. या नियमानेच पुढे घात केला.

झाले असे. गावाबाहेर एक नवे गेस्ट हाऊस उघडणार होते. तिथल्या मालकीणबाईंना प्रत्येक खोलीत निशिगंधाचा पांढरा साबण हवा होता. जमला तर कायमचे काम. दोघी हरखल्या. मी तर त्यांच्याहून हरखलो! पहिला घाणा लावला. रेघ आली, धाकटीने ब्लेंडर चालू असतानाच निशिगंधाचे सुगंधी तेल ओतले, आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच सगळे मिश्रण गोठले. ब्लेंडर त्यात उभाच्या उभा राहिला. थोरलीने तो गोळा चमच्याने माझ्यात कोंबला. वडी कसली, नुसती ढेकळे!

फुलांचे काही सुगंध असे उतावळे असतात, मित्रांनो. साबणाला दमच धरू देत नाहीत.

आता गंमत ऐका. थोरली गुपचूप अत्तरवाल्याकडे गेली. तो म्हणाला, "सोड्याचं पाणी घालायच्या आधीच सुगंध तेलात मिसळा." धाकटीने गुपचूप आपल्या रसायनशास्त्राच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "रेघ आली की ब्लेंडर बंद कर, मगच सुगंध घाल आणि चमच्याने हलव." दोन्ही सल्ले अगदी बरोबर. पण थोरलीला वाटले, ही पोर आधीच रडकुंडीला आली आहे, तिला आणखी शिकवत कशाला बसा. धाकटीला वाटले, थोरल्या जावेला आपण काय अक्कल शिकवायची. सुगंध आता आपणच घालायचा, असे प्रत्येकीने मनाशी ठरवले आणि दुसरीने तो नाद सोडला असेच धरून चालली. मग धाकटी गॅलरीत गेली की थोरली तेलात सुगंध घालायची. आणि रेघ आल्यावर थोरली पाठ फिरवून माझ्यात बटरपेपर बसवू लागली की धाकटी सुगंध घालायची. दुप्पट! घरभर निशिगंध इतका मुरला होता की कमी-जास्त कुणाच्या नाकाला कळणार?

मी सगळे पाहत होतो आणि मनातल्या मनात ओरडत होतो. पण लाकडाला तोंड कुठे असते?

पुढचा घाणा तर आणखी वाईट गोठला. वर तेलाचे थेंब घामासारखे डवरले. मग दोघी हात धुऊन कारणाच्या मागे लागल्या. तेल जास्त गरम असेल, थंड करून पाहिले. पाणी वाढवले. एरंडेल कमी केले. बिचाऱ्या थर्मामीटरला शिव्या घातल्या आणि नवा आणला. बाटली भराभर संपते म्हणून अत्तरवाल्यावर संशय घेतला. सगळे करून पाहिले. एकमेकींना विचारायचे तेवढे राहिले.

शेवटी थोरलीने मला रागाने ओट्याखाली सारले. कोपऱ्यांत साबण तसाच, वर नळाचे ठिबकणारे पाणी. माझे सांधे फुगले. देखणा म्हणवणारा मी, माझ्यावर बुरशी चढू लागली. खरे सांगतो, तेव्हा मला रडू आले.

साबण कापल्यावर कित्येक आठवडे वाळावा लागतो. त्यामुळे गेस्ट हाऊससाठी घाणा लावायचा शेवटचा दिवस उजाडला. धाकटीने मला बाहेर काढून खरवडले, पुसले, उन्हात ठेवले. थोरली म्हणाली, "आज बिघडलं तर पुरे. माझ्या हातालाच यश नाही बहुतेक. शिवणाच्या दुकानात बोलावलंय मला, मी उद्यापासून तिकडे जाते."

धाकटीचा चेहरा उतरला. तिला गेस्ट हाऊसचे एवढे काही वाटत नव्हते. थोरलीशिवाय या ओट्यापाशी एकटीने उभे राहायचे, हेच तिला सोसवेना. पण सोडा बाहेर निघाला होता. ती मास्क लावून गॅलरीत गेली.

आणि काय सांगू! नेमके त्याच दिवशी वरच्या मजल्यावर रंगारी भिंत खरवडत होते. चुन्याचा भुगा पडायला लागला, तशी धाकटी भांडे घेऊन आत आली आणि एक्झॉस्ट फॅनखाली उभी राहिली. समोर पाहते तो थोरलीच्या हातात बाटली! वाटीत मोजलेला सुगंध तिने तेलात ओतलाही.

"अहो जाऊबाई!" मौन गेले उडत. "हे काय करताय?"

"सुगंध घालतेय. दिसत नाही?"

"तुम्ही घालताय? मग मी रोज काय घालते?"

थोरलीने वाटी खाली ठेवून हळूच विचारले, "तू पण घालतेस?"

"रेघ आल्यावर! दर वेळी!"

"अगं बाई! म्हणजे माझा हात वाईट नव्हता?"

"तुमचा कसला? मला वाटत होतं माझाच वाईट आहे!"

दोघी इतक्या हसल्या की आधी सोड्याचे भांडे खाली ठेवावे लागले. दाराशी आलेले सासरेबुवा कारण न कळताच हसू लागले. मग धाकटीची वाटी बाजूला राहिली. ब्लेंडर जरासा फिरला आणि बंद झाला, पुढे चमचा. मी श्वास रोखून वाट पाहत होतो. दाटतेय का? गोठतेय का? नाही! रेघ आली, आणि सायीसारखी धार माझ्या तळावर उतरली. कोपऱ्याकोपऱ्यात गेली, काठोकाठ भरली. असा मी याआधी कधी भरलोच नव्हतो!

दुसऱ्या दिवशी लादी निघाली ती पांढरी, एकसंध. थोरलीने वडी नाकाशी धरली आणि शिवणाच्या दुकानात फोन लावला. "नाही हो, यायला नाही जमणार. जावेशी बोलायचं खूप राहिलंय." धाकटी माझ्या आडून डोळे पुसत होती. मला तिचे सगळे दिसत होते.

तेव्हा मित्रांनो, माझे एवढे ऐका. काम झाले की साच्याला कोरड्या फडक्याने पुसा, पाण्यात भिजत टाकू नका. आणि कुणाचे मन जपायला गुपचूप काही करत असाल, तर जरूर करा, पण त्याच्या कानावर घाला. माणसांना तोंड दिलेले आहे. ते आम्हा लाकडांना मिळाले असते तर आम्ही ते एक क्षणही बंद ठेवले नसते.

आता सरका बाजूला. तिकडे थोरली ओरडली, "सुगंध घातला गं!" आणि धाकटी गॅलरीतून ओरडते आहे, "ऐकलं हो!" माझ्यात ओतायची वेळ झाली.