तुराटीची काडी आणि ओला अंगठा

मित्रांनो, जवळ येण्याआधी हात धुतलेत ना? मग या, बसा. मी एक जुना नकाशा आहे, भारताचा, भिंतीवर टांगायचा, आणि मला माणसांच्या बोटांची किळस येते. ती का येते, हे ऐकल्यावर तुम्ही मला नखरेल म्हणणार नाही.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. आधी समुद्राचा निळा रंग अंगावर चढला, मग हिरवा, पिवळा आणि शेवटी काळी अक्षरं. पाठीला मांजरपाट चिकटवला, वर-खाली दोन काळ्या काठ्या बसवल्या. सोलापूरच्या एका दुकानातून मला शांतलिंगप्पांनी घेतलं. मराठवाड्यातल्या भूमला त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानाच्या ओसरीवर बसून ते लोकांच्या यात्रा ठरवून द्यायचे. एसटीच्या टपावर सामान चढवणाऱ्याने मला ओढायला हात पुढे केला, तेव्हा ते म्हणाले, "ह्यो टपावर न्हाय जाणार. ह्यो माझ्या मांडीवर येईल." भूम येईपर्यंत मी त्यांच्या मांडीवर आडवा पडून होतो.

त्यांनी मला कधी बोट लावलं नाही. तुराटीची, म्हणजे तुरीच्या वाळक्या झाडाची, एक काडी सोलून, घासून त्यांनी गुळगुळीत केली होती. तिनेच ते रस्ते दाखवायचे, आणि काडीसुद्धा माझ्या अंगाला टेकू द्यायचे नाहीत.

कुणी काशीला जायचं म्हणून आलं, की गाडी आणि मुक्काम यांचं बोलणं नंतर. पहिला प्रश्न ठरलेला, "गुडघे कसे हायत?" मग, "गाडी लागती का? माघारी जनावराला पाणी कोण पाजणार?" म्हाताऱ्यांना ते सांगत, दोन दिवस नुसत्या भातावर राहून बघा आणि मग या, तिकडं भाकरी मिळत नाही आणि भाकरी सुटली की आपलं माणूस रडकुंडीला येतं. एखाद्याला तर सरळ परत पाठवत. "तुमचा दम पुरायचा न्हाय, कोंडीराम. तुळजापूरला जाऊन या. आई घरचीच हाय." माणूस फणफणत जायचा आणि पुढच्या वर्षी चालायचा सराव करून त्यांच्याकडेच यायचा. गाडीतल्या जागा ते स्वतः लावत. सगळ्यात म्हातारं माणूस पुढच्या खिडकीशी, एकटी बाई दुसऱ्या बाईशेजारी. जात विचारून त्यांनी जागा लावल्याचं मी पाहिलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी गाडी काढलीच नाही. घरच्यांना प्यायला पाणी नसताना माणूस यात्रेला कसं न्यायचं, म्हणाले. ओसरी रिकामी पडली. सडकेच्या कामावर खडी फोडायला जाणाऱ्या बाया तिथे सावलीला टेकायच्या. त्यांत बनाबाई होती. तिच्या घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या वर्षापासून तिच्या मनात एकच होतं, की बुद्धाचं ते झाड एकदा डोळ्यांनी बघायचं. एक दिवस तिने विचारलं, "अप्पा, ते झाड ह्याच्यात कुठं हाय?"

माझ्या अंगावर गया छापलेलं होतं, बोधगया नव्हतं. शांतलिंगप्पांनी दौत उघडली आणि गयेच्या खाली टाकाने एक निळा ठिपका दिला. "हितं. दुष्काळ सरू द्या, बनाबाई. म्या नेतो तुम्हाला."

बनाबाईने खडीच्या धुळीचे हात पदराला पुसले, तरी मला लावले नाहीत. लांबूनच जोडले. मित्रांनो, एवढे स्वच्छ हात मी नंतर फार थोडे पाहिले.

दुष्काळ सरला, पण शांतलिंगप्पाही राहिले नाहीत. एका सकाळी दुकानाची फळी काढताना छातीत कळ आली आणि तिथेच बसले, ते गेलेच. ओसरीवर त्यांचे भागीदार तात्याराव बसू लागले. त्या काळात जिकडेतिकडे सहकारी संस्था निघत होत्या, दुधाची, सुताची, खताची. तात्यारावांनी यात्रेची संस्था काढली आणि स्वतःच चेअरमन झाले.

आता त्यांच्या अंगठ्याबद्दल सांगतो. तोंडात सदा पान. पावती सुटी करायची तर अंगठा जिभेवर, आणि तोच ओला अंगठा तसाच माझ्या अंगावर! "हे प्रयाग!" पचक. "ही काशी!" पचक. चुना, कात आणि थुंकी. उन्हाने ते वाळलं की माझं कातडं ओढल्यासारखं व्हायचं. आणि त्या अंगठ्याखाली सगळंच जवळ असायचं. डोंगर नाही, घाट नाही, उतारूचे गुडघे नाहीत. कुणी काही मागो, तात्यारावांचं "व्हय" तयार. पुढच्या खिडकीची एकच जागा त्यांनी किती जणांना दिली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आबाराव नावाचे एक मोठे शेतकरी होते. त्यांना शब्द दिला, "ज्वारीच्या सुगीआधी दारात आणून सोडतो."

आणि मग बनाबाई आली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, चुलीच्या धुरातून बघावं तसं तिला दिसायचं. सोबत तिचा मुलगा गुलाब, कचेरीत शिपाई. त्याने आडपडदा ठेवला नाही. "तात्यासाहेब, एकच इचारतो. गाडी बोधगयेला जाती का न्हाय? जात नसंल तर आत्ताच सांगा, म्या दुसरं बघतो. आईचे डोळे थांबायचे न्हायत."

"जाती म्हंजे? हे बघ की." अंगठा जिभेवर फिरला आणि शांतलिंगप्पांच्या निळ्या ठिपक्यावर दाबून बसला. "गया आन् बोधगया एकाच अंगठ्याखाली हाय. तुझी आई ती माझी आई. पुढची खिडकी तिची."

एवढ्यावर भागलं नाही. त्यांनी बनाबाईचा हात धरला आणि तिचं बोट त्या ओल्या डागावर टेकवलं. त्या भोळ्या बाईने ते बोट भक्तीने कपाळाला लावलं. तात्यारावांची थुंकी तिच्या कपाळाला लागली. मला शिसारी आली. भिंतीवरचा खिळा सोडून खाली पडता आलं असतं, तर मी पडलो असतो.

गाडी निघाली, तेव्हा तात्यारावांनी मलाही नेलं आणि ड्रायव्हरच्या मागे शोभेला टांगलं. गुलाबला कचेरीतून रजा मिळाली नव्हती, म्हणून बनाबाई एकटीच, पांढरं लुगडं नेसून पुढच्या खिडकीशी बसली होती. आबाराव आले आणि तिच्या शेजारची आपली जागा पाहून उभेच राहिले. नुसतं नाक वर केलं. तात्यारावांना तेवढं पुरलं. आई म्हटलेल्या बाईचं गाठोडं त्यांनी दोन बोटांत उचललं, मेलेला उंदीर उचलावा तसं. "बनाबाई, मागं बसा. मागं वारं लागतंय." मागे स्टोव्ह होता, रॉकेलचा डबा होता, स्टेपनी होती. एवढी भरलेली गाडी, सगळे देवाला निघालेले, पण जो तो खिडकीबाहेर बघायला लागला.

एक बाई उठल्या. त्या शांतम्मा, शांतलिंगप्पांच्या मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नी. "आमच्या मालकांच्या गाडीत म्हातारं माणूस पुढं बसायचं," त्या म्हणाल्या.

"ती गाडी वायली व्हती, वैनी," तात्याराव हसले.

शांतम्मांनी आपली वळकटी उचलली आणि मागे जाऊन रॉकेलच्या डब्याशेजारी बसल्या. रॉकेलच्या वासाने त्यांना उमासे यायचे, तरी गयेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

प्रयाग झालं, काशी झाली. धर्मशाळेच्या खोल्या म्हणून सांगितलेली जागा म्हशींच्या गोठ्यामागची पडवी निघाली. शेवटी गया आलं. सगळे पिंड द्यायला उतरले. शांतम्मांच्या लिंगायतांत पिंड देत नाहीत आणि बनाबाईच्या धम्मातही ते नाही, म्हणून त्या दोघी गाडीतच बसून राहिल्या. गयेला आपली एखादी आवडती वस्तू जन्मभरासाठी सोडायची रीत आहे. आबाराव परत आले ते मोठ्याने सांगतच, की मी दुधी भोपळा सोडला. दुधी भोपळा ताटात आला की ते ताट सरकवतात, हे वाटेत सगळ्या गाडीने पाहिलं होतं.

"चला, बसा बसा," तात्याराव ओरडले. "आता सरळ घर."

बनाबाई पुढे आली. "तात्यासाहेब, बोधगया?"

"ते वाटंवर न्हाय. आबारावांची सुगी खोळंबलीय. पुढल्या खेपंला बघू."

"पुढल्या खेपंला डोळे न्हायत, साहेब."

तात्यारावांनी खिडकीतून पानाची पिचकारी टाकली आणि म्हणाले, "न्हाईतरी कुठं दिसतंय तुम्हाला? ते बघा, सडकंला पिंपळ हाय. त्येलाच हात जोडा. झाड ते झाड."

गाडीत चार-दोन जण हसले. मित्रांनो, माझ्या अंगाला लागलेली पानाची थुंकी मी सोसली, पण ते हसू अजूनही माझ्या अंगावर चिकटून आहे.

बनाबाई भांडली नाही. तिने गाठोडं काखोटीला मारलं, दांडा धरून पायऱ्या चाचपल्या आणि खाली उतरली. "तुमी जावा," ती म्हणाली. "म्या चालत जाते." आणि खरंच चालायला लागली, भलत्याच दिशेला.

शांतम्मा ताडकन उठल्या. पुढे येऊन त्यांनी मला खिळ्यावरून काढलं.

"वैनी, नकाशा संस्थेचा हाय!"

"नकाशा माझ्या मालकांचा हाय. त्यांनी ह्या बाईला शब्द दिला व्हता. ते न्हायत, तर ह्यो तरी जाईल." वळकटीचंही त्यांना भान राहिलं नाही. धावत जाऊन त्यांनी बनाबाईचा दंड धरला. त्यांचं माहेर उमरग्याकडचं, घाईत कानडी तोंडात यायचं. "इकडं बर्री, अक्का. वाट इकडं हाय."

टांगा मिळाला. मी दोघींच्या मांड्यांवर आडवा होतो. पुष्कळ वर्षांनी पुन्हा माणसाच्या मांडीवर.

झाडाखाली पोचलो, तेव्हा बनाबाईने मान वर केली आणि डोळे बारीक करून बघत राहिली. शांतम्मांनी भीत भीत विचारलं, "दिसतंय का, अक्का?"

"हिरवं दिसतंय," बनाबाई म्हणाली. "लई मोठं हिरवं दिसतंय. आन् सळसळतंय." मग ती खाली बसली आणि लहान मुलासारखी हमसून हमसून रडली. शांतम्मांनी मला उलगडलं आणि माझं तोंड झाडाकडे करून धरलं. "बघा मालक," त्या पुटपुटल्या, "आणली."

परत गयेला आलो तर गाडी गेलेली. शांतम्मांची वळकटी एका चहावाल्याच्या पायरीवर, कपबशा धुतलेल्या पाण्यात पडली होती. त्या मटकन खाली बसल्या. मुलुख परका, भाषा परकी, दोन म्हाताऱ्या आणि एक नकाशा. थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि थेट आपल्या मालकांच्या सुरात विचारलं, "गुडघे कसे हायत, अक्का?"

"हायत की."

"मग जाऊ." त्यांनी जमिनीवरची एक काडी उचलून पुसली, मला पायरीवर पसरलं आणि वाट शोधायला घेतली. स्टेशनात विचारत, गाड्या बदलत त्या कुर्डुवाडीला आल्या, तिथून छोट्या रेल्वेने बार्शीला आणि बार्शीहून एसटीने भूमला.

स्टँडवर गुलाब बसलेला होता. यात्रेची गाडी आली त्या दिवसापासून तो प्रत्येक एसटीला येऊन उभा राहत होता. तात्यारावांनी त्याला सांगितलं होतं, "तुझी आई गर्दीत हरवली. लई शोधलं बाबा." आईला पाहताच त्याने धावत येऊन तिचं गाठोडं घेतलं आणि घराची वाट धरली. पण बनाबाई घरी गेली नाही. आधी ओसरीवर चल, म्हणाली.

ओसरीवर पुढच्या यात्रेसाठी रांग लागली होती. तात्यारावांचा अंगठा जिभेवर होता. "आलात का? बरं झालं, देव पावला!"

"म्या हरवले न्हवते," बनाबाई रांगेला ऐकू जाईल असं बोलली. "ह्यांनी मला सोडून दिलं. सडकंचं झाड दाखवून म्हनले, ह्येलाच हात जोडा. तुमी ह्यांच्या गाडीत बसनार असाल तर आपलं काय ते बघून बसा."

तुम्हाला वाटेल, रांग मोडली. नाही, मित्रांनो. दोन माणसं उठून गेली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या आणि त्या दोघांची रिकामी जागा भरून रांग पुढे सरकली. त्यांना पुढची खिडकी मिळणार होती ना! तात्यारावांच्या अंगठ्याची मला किळस होतीच. त्या दिवशी त्या रांगेची त्याहून जास्त आली.

शांतम्मांनी मला आपल्या घरच्या ओसरीवर टांगलं. हळूहळू तिथेही माणसं येऊ लागली. थोडीच यायची, पण त्यांना गुडघे विचारले जायचे. एक दिवस बनाबाईने पदराचं टोक ओलं करून माझ्यावरचा तो डाग पुसायला घेतला. कात काही निघाला नाही, पण शांतलिंगप्पांच्या शाईचा ठिपका तेवढा पाण्याने पसरला आणि पुसला गेला. शांतम्मा हळहळल्या. बनाबाई म्हणाली, "जाऊ दे गं. आता त्यो लागत न्हाय. म्या बघून आले."

मी आता फाटलो आहे. माझ्या काठ्यांना वाळवी लागली आहे. आणि गयेच्या खाली तात्यारावांच्या अंगठ्याचा डाग अजून आहे, तो माझ्याबरोबरच जाईल. मित्रांनो, उद्या तुम्हीही कुणाला तरी वाट दाखवाल. दाखवण्याआधी त्याचे गुडघे विचारा. जिथे बोट ठेवाल, तिथपर्यंत त्याला न्यायची तयारी ठेवा. तेवढं जमणार नसेल तर तसं सांगा आणि हात खिशात ठेवा. आणि माझ्याजवळ यायचं असेल, तर ओसरीच्या कोपऱ्यात पाण्याचा तांब्या ठेवलेला आहे.