मोठ्या पोटाची ढोलकी

मित्रांनो, मी एक जुनी ढोलकी आहे; पण माझे पोट एवढे मोठे की पुष्कळ जण मला ढोलच समजतात. मंठा गावच्या एका सुताराने आंब्याचे जाड खोड पोखरून मला घडवले. दोन्ही तोंडांवर बकऱ्याचे कातडे चढले, दोऱ्यांत लोखंडी कड्या आल्या. एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली ढोलकी वाजवणाऱ्या कचरूआबांनी मला त्यांच्या गावातल्या भीमगीतांच्या गायन पार्टीत आणले.

माझे तोंड रुंद. रुंद कातडे सावकाश हलते, म्हणून त्यातून जाड, खालचा आवाज निघतो. पार्टीत एक धाकटी ढोलकीही होती. तिचे लहानसे कातडे भराभर थरथरे आणि टणक, उंच बोले. मुख्य गायिका पुष्पाबाई वरच्या पट्टीत गात, त्यांना धाकटीच हवी असे. हळूहळू मी खुंटीवर गेले. अंगावर धूळ बसली.

आबांची मुलगी बेबीनंदा मात्र घरी कोणी नसले की मला खाली घेई आणि गाई. तिचा आवाजही जाडच. कोरसमध्ये तिने तोंड उघडले की पुष्पाबाई म्हणत, "अगं, तुझ्या गळ्यात बाप्या शिरला का?" सगळ्या हसत. मग ती नुसते ओठ हलवू लागली. तिला किती गायचे होते, ते मलाच ठाऊक.

एका जयंतीला मांडव भरला आणि ऐन वेळी धाकटीची पुडी, म्हणजे तोंडावरचे कातडे, फाटली. आबांनी धावत जाऊन मला आणले. पुष्पाबाईंच्या पट्टीला आणण्यासाठी ते माझ्या कड्या ओढत राहिले. कातडे ताणले, आवाज कोंडला.

"आबा, थांबा! ही बी फाटल," बेबीनंदा म्हणाली.

"मंग काय करू? लोकं बसून राह्यलेत."

"कड्या सोडा. घागर वाजवली तर तांब्यावानी वाजल का? हिच्याच पट्टीत गाऊ."

पुष्पाबाईंनी खालचा सूर लावून पाहिला. तो घशातच विरला.

"न्हाई बाई, इतकं खाली मला न्हाई जमत," त्या म्हणाल्या. "बेबे, तू म्हण."

"मावशी, लोकं हसतील."

"मी हसले तं लोकं हसतील. आन मी बिलकुल न्हाई हसत. म्हण जल्दी!"

आबांनी कड्या सैल केल्या. माझा श्वास मोकळा झाला. पहिली ओळ कापत आली. दुसऱ्या ओळीला तिचा सूर माझ्या सुरावर येऊन टेकला, आणि मागे बसून पुष्पाबाईंनी कोरस उचलला. मांडवात कोणीही हसले नाही.

मित्रांनो, वाजवून झाल्यावर आमच्या कड्या सैल करा, आम्हाला ओल लागू देऊ नका. आणि मोठ्या पोटातून लहानाचा आवाज ओढून काढू नका. तो निघत नाही, कातडे मात्र फाटते.

आता पार्टी बेबीनंदा चालवते. नवी मुलगी आली की ती मला मांडीवर घेते आणि आधी विचारते, "तुझी पट्टी कोणती गं?"