बिनखिडकीची खोली

भावकूच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी होती, आणि ती कुणी नेली हे कंग्राळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सख्ख्या धाकट्या भावानं, मारुतीरावानं. भर बांधावर, ऊस तोडायच्या कोयत्यानं. त्याच सकाळी भावकूनं कुदळीचा दांडा मारुतीरावाच्या गुडघ्यावर घातला होता, म्हणून तोही अजून एक पाय ओढत चालायचा. ही कोरोनाच्या आधीची गोष्ट. तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता. घर एकच, मधून भिंत घातलेली. एकाच्या चुलीचा धूर दुसऱ्याच्या डोळ्यात जायचा, पण पाण्याचा तांब्या जायचा नाही.

अशा दोघांना घेऊन मनुबाई जहाजातून फिरायला निघाली होती.

मनुबाई त्यांची थोरली बहीण, दोघांची आक्का. आई लवकर गेली तेव्हा या दोघांना तिनंच भाकरी थापून घातली, आणि लग्न होऊन निपाणीला गेली. नवरा गेल्यावर तंबाखूच्या वखारीत तिचा जन्म गेला. आता छातीत लोहाराचा भाता चालायचा. डॉक्टरनं जे काय सांगायचं ते तिच्या लेकीला बाजूला घेऊन सांगितलं, आणि मनुबाईनं ते दाराआड उभं राहून ऐकलं. मग तिनं हट्टच धरला. मुंबईहून गोव्याला मोठं जहाज जातं, त्यात बसायचं, आणि दोन्ही भाऊ बरोबर पाहिजेत. दोघांना निरोप एकच गेला. "आलास तर भाऊ. न्हाय आलास तर मला भाऊ नव्हताच म्हणून मरीन."

भावकू आला. पण रात्रंदिवस त्याच्या पोटात एकच भीती होती. खाली पाणी, वर आभाळ, आणि शेजारी तो. कंग्राळीत निदान भिंत होती.

जहाजाच्या खोल्या ठरवायला कॅम्पातल्या एका ऑफिसात तिघं बसली. मधे आक्का, दोन टोकांना भाऊ. टेबलामागं सौम्या नावाची शहरी पोरगी. टेबलावर पितळेचं छोटं जहाज ठेवलेलं, आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर खरं जहाज, करवतीनं ओंडका चिरावा तसं उभं चिरून दाखवलेलं. आत खोल्याच खोल्या, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या.

"आजी, पुढच्या टोकाला नको," सौम्या सांगत होती. "नांगर सोडताना दणदणाट होतो. वरच्या मजल्यावर डोलतं जास्त. नाचाच्या हॉलखाली तर झोपच नाही. खालच्या मजल्यावर, मधोमध, तिथं सगळ्यात कमी हलतं."

"बैलगाडीगत गं," मनुबाई म्हणाली. "जुवापाशी हिसका, मागं धक्का, मधी बसलेला सुखी. मधलीच दे."

"मधोमध गॅलरीच्या दोनच खोल्या उरल्यात. एक जहाजाच्या डाव्या अंगाला, एक उजव्या. आणि एक आतली आहे. तिला खिडकी नाही."

"आतली कशाला? कोंबड्या डालायच्या हायत व्हय?" मारुतीराव पहिल्यांदा बोलला, भिंतीकडं बघून.

मनुबाई हसली, हसता हसता खोकली. भावकू हसला नाही. त्यानं खाकरून आक्काला म्हटलं, "तुझ्या भावाला सांग. एका खोलीत तू आणि एकजण, दुसरीत दुसरा. दोन वाटं झालं. मी थोरला, वाटं मी केलं. आता रीतीनं धाकट्यानं उचलायचं."

"वाटणी करायला आलावं व्हय आपण?" आक्का म्हणाली.

पण रीत म्हणजे रीत. त्या भागात वाटणी होते ती अशीच. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, म्हणजे थोरल्याच्या हाताला पाप शिवत नाही. रानाची वाटणी झाली तेव्हाही भावकूनंच दोरी धरून वाटे पाडले होते. विहिरीकडचा तुकडा लहान ठेवला, माळाकडचा मोठा. वाटलं होतं, धाकटा मोठ्याला भुलेल. मारुतीरावानं क्षणभर विचार न करता विहिरीकडचा उचलला, आणि त्यानंतर भावकूनं उन्हाळ्यामागून उन्हाळे आपला मोठा तुकडा करपताना पाहिला. बांधाचा दगड कुणी सरकवला ते देव जाणे. कोयता मात्र तिथंच निघाला.

मारुतीरावानं पडद्याकडं डोळे बारीक करून पाहिलं. "आक्का, त्या पोरीला सांग. डाव्या अंगाची माझी."

"का?" भावकूनं सौम्याला विचारलं. "डाव्या अंगानं काय दिसतंय?"

"गोव्याला जाताना डावीकडं किनारा असतो ना काका. डोंगर, गावं, दीपस्तंभ. उजव्या बाजूला खुला समुद्र. पण येताना..."

पुढचं भावकूच्या कानात शिरलंच नाही. डोक्यात एकदम करपलेला माळ उभा राहिला. पाण्याचा माळ, जिथवर नजर जाईल तिथवर, आणि तिकडं भावाच्या दाराशी हिरवेगार डोंगर.

"म्हंजे हिरीकडचा वाटा पुन्हा त्येलाच!"

"वाटं करणाऱ्यानं मागनं रडायचं नसतंय," मारुतीराव म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो थेट भावाशी बोलला होता. "आणि लई दंगा करू नगंस. त्या हाताला तीन उरल्यात. तीबी मोजून घेऊ काय?"

भावकूच्या उजव्या हातात पितळी जहाज कधी आलं हे त्याचं त्यालाही कळलं नाही. ते मारुतीरावाच्या कानशिलावर बसलं आणि कानाची पाळी उभी फाटली. रक्ताची चिळकांडी पडद्यावरच्या जहाजावर उडाली. मारुतीराव पडला नाही. तरुणपणी दोघंही एकाच तालमीत घुमलेले. त्यानं डोकं खाली घालून भावकूच्या पोटात मुसंडी मारली. दोघं टेबलासकट मागं गेले, खुर्च्या उलथल्या. मारुतीरावाचा अंगठा भावकूच्या नरड्याच्या घाटीवर रुतला. भावकूनं त्या दुखऱ्या गुडघ्यावर टाच घातली, एकदा, दोनदा, मारुतीराव गुरासारखा हंबरला तरी पकड सुटेना. भावकूच्या डोळ्यापुढं काळं येऊ लागलं. त्यानं दात लावले, हाताला लागेल तिथं. तोंडात भावाच्या रक्ताची खारट चव आली. काचेचं दार दोघांच्या वजनानं फुटलं आणि अर्धं अंग बाहेर फरशीवर पडलं. फळवाला गाडा सोडून पळाला. कुणीतरी कन्नडातून ओरडत होतं, "बिडसरी, बिडसरी!" पण सोडवायला हात घालायची छाती कुणाची होईना.

भावकूच्या हाताला स्टुलाचा पाय लागला. तो उठला. मारुतीराव काचांत गुडघा धरून पडला होता, डोकं उघडं. भावकूनं स्टूल दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेलं. त्या वेळी त्याला भाऊ दिसत नव्हता. फणा ठेचायचा एवढंच दिसत होतं.

"भावक्या!"

मनुबाई मधे आली. आली म्हणण्यापेक्षा पडलीच, मारुतीरावाच्या अंगावर, कोंबडी पिलावर पडते तशी. आणि स्टूल खाली आलं ते तिच्या खांद्यावर.

हाड मोडल्याचा आवाज झाला. तंबाखूची वाळकी काडी मोडावी, तसा.

स्टूल भावकूच्या हातून सुटलं. मारुतीराव आक्काच्या खाली पडून तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून होता, आणि त्याच्या फाटक्या कानातलं रक्त तिच्या पांढऱ्या केसांत उतरत होतं. ती मेली असं भावकूला वाटलं. तो तिथंच काचांत बसला.

सौम्या दारात उभी होती. रडत होती, पण बोलली ती चवताळून. "येताना जहाज वळतं! ऐकून तरी घ्यायचं! येताना तोंड मुंबईकडं होतं, मग किनारा उजवीकडं येतो. जाताना एकाला दिसतो, येताना दुसऱ्याला. दोन्ही खोल्या सारख्याच आहेत हो!"

भावकू तिच्याकडं बघतच राहिला. जन्मभर त्यानं जागा म्हणून जी पाहिली होती ती रानाची. रान कधी वळत नाही. विहीर या अंगाला तर मरेपर्यंत या अंगाला. ज्या जागेचं तोंडच फिरतं, अशा जागेसाठी कुणी भांडू शकतं हे त्याच्या बापजाद्यात कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं मारुतीरावाकडं पाहिलं. तोही तोंड उघडं टाकून त्या पोरीकडंच बघत होता.

मनुबाई मेली नव्हती. दवाखान्यात हात गळ्यात बांधून ती खाटेवर टेकून बसली होती. दोन्ही भाऊ पायथ्याशी उभे, एकाच्या कानाला टाके, दुसऱ्याच्या नरड्यावर काळेनिळे अंगठे. पोलीस येऊन गेले होते. मनुबाईनं त्यांना सांगितलं, पाय घसरून मी दारावर पडले. ऑफिसचं नुकसान भरायचं दोघांनी कबूल केलं, तेव्हा सौम्याच्या मालकानंही तोंड मिटलं.

"आता लेक बी येतीया संगं. गॅलरीची एक खोली मला आणि तिला," मनुबाई म्हणाली. "आणि ती आतली, बिनखिडकीची, ती तुम्हा दोघास्नी."

"आक्का, जीव घेईल त्यो माझा," भावकू म्हणाला.

"ह्यो घेईल!" मारुतीराव म्हणाला. "उशी दाबून मारंल झोपेत."

"मग मरा. किनारा बी न्हाय, समुद्र बी न्हाय, चार भिंती आणि एक दार. काय वाटायचं ते वाटून घ्या." तिला धाप लागली. ती थांबली, मग हळू बोलली. "जमिनीतलं ते पेव आठवतंय का रं? जोंधळा काढायला भावक्या आत उतरायचा, आणि मारुत्या वर दोरी धरून. आतली हवा विषारी. वरनं हाळी द्यायची, हाय का रं? आतनं हाय आलं न्हाय तर वढून काढायचं. तवा एकाच्या हातातल्या दोरीवर दुसऱ्याचा जीव टांगलेला असायचा. त्या दोरीला मी कधी भ्याले न्हाय. आता भीती वाटतीया." तिनं डोळे मिटले. "येणार नसशीला तर मला खांदा द्यायला बी येऊ नगा. माझा एक मोडलाय तेवढा बास."

गाडी कोगनोळीचा नाका ओलांडून मुंबईच्या रस्त्याला लागली तेव्हा दोघं पुढच्या-मागच्या सीटवर बसले होते. भावकू मागं. मानेवर कुणाची नजर नको म्हणून.

मुंबईच्या धक्क्यावर सामान एका यंत्रातून जात होतं. भावकूची पिशवी अडली. रखवालदारानं धोतरं उपसली आणि खालून टॉवेलात गुंडाळलेला विळा काढला. भावकूची मान खाली गेली. बहिणीच्या तोंडाकडं बघायची त्याला सोय उरली नाही. तेवढ्यात मागची पिशवीही अडली, मारुतीरावाची. तिच्यातून कोयता निघाला.

मुठीला तांब्याची तार वळलेली. भावकूनं तो ओळखला. तोच तो.

रखवालदारानं दोन्ही हत्यारं शेजारी शेजारी मांडली. "दोघं एकत्र आलाय का?"

"भाऊ हायत," मनुबाई म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "शेतकरी माणसं. नारळ फोडायला आणल्यात." मग तिनं भावांकडं पाहिलं, एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं, आणि हात सावरत पुढं चालू लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हत्यारं धक्क्यावरच राहिली. भावकूच्या मनात एक विचार येऊन गेला, विंचवासारखा. मी त्याला भिऊन विळा घेतला, आणि त्यानं कोयता घेतला तो मला भिऊनच.

खोली खालच्या मजल्यावर, मधोमध. दोन पलंग, मधे हातभर जागा. मारुतीराव पाय ओढत आत गेला आणि भिंतीकडं पाठ करून बसला. पाठ कुणाला द्यायची नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. बाहेर दुपारचं ऊन होतं, पण इथं दिव्याशिवाय काही नव्हतं. दाराशी एका खाचेत कार्ड खोवलेलं होतं. दार त्याच कार्डानं उघडलेलं भावकूनं पाहिलं होतं. ते विसरू नये म्हणून त्यानं ते उपसून खिशात टाकलं.

थोड्याच वेळात सगळे दिवे गेले. दिवेही त्याच कार्डावर चालतात हे त्याला ठाऊक नव्हतं.

असला अंधार भावकूनं आयुष्यात एकाच जागी पाहिला होता. पाठ दाराला लावून, मुठी आवळून तो उभा राहिला. आता येईल, त्याला वाटलं. आता घाटीवर अंगठा येईल. त्यानं तीन बोटांचा हात पुढं धरला. खाली कुठंतरी जहाजाच्या पोटात घरघर सुरू झाली आणि जमीन किंचित सरकली.

कुणी आलं नाही. पलंग करकरला नाही. श्वास ऐकू येईना. मारुतीराव हलत नव्हता, खोकत नव्हता. आणि भावकूच्या भीतीनं अंधारात कूस बदलली. ती आता स्वतःच्या जिवाची राहिली नव्हती. हवा कोंदलेली वाटली. कानात पेवाच्या तोंडावरून येणारा, कोवळा, लांबलेला आवाज घुमला, आणि या खेपेला दोरी आपल्या हातात आहे असं त्याला वाटलं.

"मारुत्या," त्याच्या तोंडून गेलं. "हाय का रं?"

उत्तर आलं नाही. घरघर वाढली. भावकू एक पाऊल पुढं सरकला, हात अंधारात चाचपत, आणि पुन्हा म्हणाला, मोठ्यानं, "हाय का रं?"

पलंगावरून एक घोगरा, भ्यालेला आवाज आला.

"हाय." मग थोड्या वेळानं, "दादा, हात पुढं करू नगंस. मला काय दिसंना झालंय."

भावकूनं हात मागं घेतला. तो होता तिथंच खाली बसला, दोन्ही तळवे फरशीवर उघडे ठेवून. ते मारुतीरावाला दिसणार नव्हते, तरी उघडेच ठेवले.