गाठीचा रंग

कोसा केंद्राच्या गुणवंतरावांनी लडीतून वीतभर धागा तोडला, काडी ओढली आणि तशीच विझवली. सर्दीने त्यांचं नाक पार चोंदलं होतं.

"बाई, जळलेल्याचा वास तुम्हीच घ्या. पण खरं सांगा."

ठमाबाईंनी मान हलवली. ओसरीत दोन लडी होत्या. सासूची लाल दोऱ्याने बांधलेली, सुनेची, म्हणजे चंदाची, काळ्या. लाल दोरा ठमाबाईंनी चंदाकडूनच मागून घेतला होता.

केंद्रात कोशांतून कोसा रेशीम उकललं की फुटके कोष आणि गुंताडा उरे, तो आजवर खड्ड्यात जाळत. दोन महिन्यांपूर्वी गुणवंतरावांनी त्याचं एक पोतं इथे आणून टाकलं होतं. सोड्यात उकळा, पिंजा, टकळीवर कातून दाखवा, असं ते म्हणाले होते. सूत चोख निघालं तर चरखा या घरात येणार होता आणि केंद्राचा सगळा टाकाऊ माल इथेच कातला जाणार होता. भेसळ निघाली तर पोती पुन्हा खड्ड्यात. चंदाचा नवरा श्रीहरी अहेरीकडे लाकूडतोडीला गेला की चार-चार महिने तोंड दाखवत नसे. चरखा आला तर तो गावात राहील, एवढंच तिचं मागणं. ठमाबाईंना मात्र धास्ती वेगळी होती. पंचक्रोशीत कातावं तर ठमाबाईनं, असं लोक म्हणत. ते गेलं तर त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

पहिला धागा जळला. केस जळल्यासारखा वास आला.

"कोसा हाय. पक्का."

दुसरा जळला आणि ठमाबाईंचं तोंड कोरडं पडलं. चुलीत जुनं लुगडं पडावं तसा वास. साहेबांचं नाक बंद होतं, एक शब्द खोटा बोलला की काम फत्ते. पण सून महिनाभर भराभर कातत होती, तेव्हाच त्यांना संशय आला होता. नाकापेक्षा मोती जड झाला की असंच व्हायचं.

"कापूस हाय यात, सायेब," त्या म्हणाल्या, आणि त्यांना जरा बरंही वाटलं.

गुणवंतरावांचा चेहरा पडला. "ही लड कोणाची?"



"माही," चंदा म्हणाली. "घाई केली मी."

ठमाबाईंच्या कपाळाला आठी पडली. ही बाई मिठाच्या खड्यावरूनही भांडणारी, आज एवढ्या सहज कबूल झाली? मग त्यांना टोपली आठवली. फाटक्या गादीतला, जुना होऊन पिवळा पडलेला कापूस पिंजायला एका टोपलीत काढून ठेवला होता, कोश्याच्या टोपलीला लागूनच. एका संध्याकाळी चंदाने तो मुकाट्याने माळ्यावर टाकला होता. टोपली काऊन हलवतं म्हणून त्या तिच्या अंगावर ओरडल्या होत्या.

म्हणजे चंदाला तेव्हाच कळलं होतं.

"सायेब, त्या लडीची गाठ कोन्त्या रंगाची हाय?"

"समोरच तर आहे, बाई. दिसत नाही?"

चंदाने सासूचा पदर ओढला. "जाऊ द्या ना, आत्या."

ठमाबाईंनी पदर सोडवून घेतला.

"नाई दिसत. दोन वर्सं झाले. तुमी सांगा."

"लाल."

"मंग थी माही हाय. हिची चोख हाय, आताच मी वास घेतला. चरखा हिच्या नावानं लिवा."

 गुणवंतरावांनी पेनाचं टोपण काढलं.

चंदा रडत होती, ते ठमाबाईंना नुसत्या श्वासावरून कळलं. त्यांनी हात पुढे केला.

"रडून काऊन राह्यली? पिंजाले बसतो मी. कोश्याची टोपली कोन्ती, थे दाखव."

चंदाने तो हात धरला आणि टोपलीत नेऊन ठेवला.