फुंकरमहाराज आणि रुसलेली मोटार

कळंबच्या रस्त्यावर कापसाच्या जिनवाल्या बबनरावांची नवी मोटार पुन्हा मटकन बसली, आणि बघताबघता बाजारची माणसं तिच्याभोवती गोळा झाली. कोणी टोपी काढली, कोणी पोरगं खांद्यावर घेतलं. मोटारीतून फुंकरमहाराज उतरत होते ना! पेट्रोलचं झाकण उघडून त्यांनी आत फुंकर घातली की मेलेली मोटार उठते, हे अर्ध्या तालुक्यानं पाहिलं होतं.

मोटार तरी कशी? पाच-सहा कोस हरणीसारखी पळे, मग उचक्या देत थांबे. नागपूरच्या एजन्सीनं तीनदा ठेवून घेतली, पंप बदलला, कार्बोरेटर बदललं. तिथं धुवूनपुसून फिरवली की गुणी सुनेसारखी चाले. घरी आली की आठवड्यात पुन्हा रुसे. "गाडीत दोष नाही," एजन्सीनं लिहून दिलं. मग दोष माणसातच असणार!

"अलख! उच्चाटन!" महाराज गरजले. "बबन, ह्या यंत्रात जखीण शिरली आहे. तिला वाट दिली ह्या परधर्माच्या हातानं!" बोट ड्रायव्हर जब्बारवर रोखलं होतं. "आजच किल्ली काढून घे."

आठ वर्षं जब्बारनं मालकांच्या गाड्या हाकल्या. मालकांच्या लेकीची, नलूताईची, पाठवणी त्याच हातांनी केली. माहेरची वेस ओलांडताना तिला हुंदका आला, तर त्यानं गाडी मुंगीच्या पावलानं नेली होती. आता तेच हात अशुभ?

बबनराव मान खाली घालून म्हणाले, "जब्बार, किल्ली दे बाबू."

"देतो मालक. पन आज झाकन न उघडता जखीन काढाले सांगा महाराजाले."

"काहून? का बरं?" बबनरावांनी विचारलं.

"मागच्या खेपेस झाकन उघडलं, फुस्स झालं. महाराज म्हनले, जखीन बाहीर गेली. मंग महाराजाची दाढी आत काहून ओढल्या गेली?"

गर्दीत खसखस पिकली. महाराजांनी रागारागानं बॉनेटवर, चाकांवर, काचेवर फुंकरा घातल्या. हँडल मारून मारून दोन गडी घामाघूम झाले. मोटार ढिम्म.

जब्बारनं शेजारच्या बैलबंडीतला कापूस चिमूटभर घेतला, टाकीच्या तोंडाशी धरला आणि झाकण सैल केलं. फुस्स! कापूस सुर्रकन आत खेचला गेला.

"पाहा! बाहीर कोनी आलं नाही, हवा आत गेली. जेवढं पेट्रोल इंजनात जाते, तेवढी हवा टाकीत याले पाह्यजे. नाही तं पेट्रोल अडकते. तिच्यासाठी झाकनाले हे बारीक भोक असते. ते बुजलं."

"कशानं?"

जब्बार घुटमळला. मोटारीत बसलेल्या मालकीणबाई रुखमाबाईंनीच चाचरत सांगितलं, "गाडी जिथून खाते, तेच तिचं तोंड म्हणून मी दर मंगळवारी तिथं तेलशेंदूर लावते."

"एजन्सीवाले पुसून काढत, बाई. कोनाले समजलंच नाही."

जब्बारनं तारेनं भोक मोकळं केलं, झाकण घट्ट लावलं. तिसऱ्या हँडलला मोटार गुरगुरली.

"माझीच कृपा!" महाराज पुटपुटले.

"मंग बसा महाराज, पाह्यजे तिथं फुंका!" कोणीतरी ओरडलं. महाराजांना एकाएकी पायी चालण्याचं व्रत आठवलं.

बबनरावांना वर बघवेना. "चाल जब्बार, उशीर झाला."

जब्बार जागचा हलला नाही. "मालक, गाडी लोखंडाची हाये. तिले जात नाही, धर्म नाही. बंद पडली तं पहिले काहून पडली ते पाहा. मानसाले दोषी ठरवाची घाई करू नोका."

लोकहो, एवढंच ध्यानात धरा. ज्याला कारण शोधायचं नसतं, तो गुन्हेगार शोधतो.

बबनरावांनी सगळ्यांदेखत हात जोडले. मगच जब्बार गाडीत बसला.