हिरवा दिवा, शून्य वाटा

मी राऊटर बोलतोय. ओढ्यावरच्या बंधाऱ्याला लागून पत्र्याची खोली आहे, तिथं भिंतीला मला ठोकलंय. माझी बरीच भावंडं शहरात गार खोल्यांत बसली. माझ्या वाट्याला धूळ आणि पाली आल्या. तक्रार नाही.

बंधाऱ्यातल्या पाण्याची मोजणी माझ्याकडं येते. ती मी दूरच्या क्लाउडकडं, म्हणजे शहरातल्या मोठ्या संगणकांकडं धाडतो. पाणी वाढलं, की क्लाउड खालच्या वळणावरचा भोंगा वाजवतो.

क्लाउडच्या दारातही एक राऊटर बसलाय. आधी आमची ओळख पटावी लागते. मोबाइलवर 'आयडल' दिसलं, तर मी गप्प आहे. 'अ‍ॅक्टिव्ह' दिसलं की लोक खूश होतात, पण तेव्हा मी नुसतं दार ठोठावत असतो. 'एस्टॅब्लिश्ड' म्हणजे ओळख पटली, रामराम सुरू झाला. मग कुठला आकडा कुठून न्यायचा, त्या वाटा तो मला सांगतो. वाट कळल्याशिवाय मी एक आकडाही पुढं सरकवत नाही. अंदाजानं चालणं माझ्या स्वभावात नाही.

परतीच्या पावसाचे दिवस होते. मेंढपाळ गोरोबाची बायको सखूबाई भाकरी घेऊन निघाली होती. ती दारात थांबली.

"जाफरभाई, ह्यांनी मेंढरं वळणावर उतरवलीत. वरच्या अंगाला आभाळ काळं दिसतंय. पाण्याचं काय?"

जाफर इथला राखणदार. त्यानं मोबाइल बघितला. "एस्टॅब्लिश्ड हाय वहिनी, हिरवंगार! भोंगा वाजल्याबिगर काय बी न्हाय. गोरोबापरीस तुमालाच भीती लई."

"त्यांना पवता येत न्हाय वो."

मोबाइलवरचा दिवा हिरवा होता, हे खरं. रामराम वेळेवर येत होता. पण सकाळपासून तिकडून एकही वाट आली नव्हती. मोजणी माझ्या उंबऱ्याशी येई आणि तिथंच पडे. पाणी चढत होतं. जाफरनं दिवा बघितला, पुढचं काही विचारलं नाही.

"अवो, बंधाऱ्याची पायरी बुडाली की!" सखूबाई ओरडली.

जाफर बाहेर धावला. पायरी खरंच पाण्याखाली होती. मोबाइलवर मात्र सकाळचाच आकडा. त्यानं गोरोबाला फोन लावला. उचलला नाही. सखूबाई भाकरी तिथंच टाकून वळणाकडं पळत सुटली. वळण लांब होतं. पाणी तिच्याआधी पोचणार, हे जाफरला कळत होतं.

त्यानं पुण्याला करिश्माला फोन केला. ही सगळी जोडणी ती सांभाळते.

"मॅडम, भोंगा वाजंना! हितं पायरी बुडाली."

"सेशन एस्टॅब्लिश्ड दिसतंय, जाफरभाई. मग..."

"मग काय? पाणी डोळ्यानं बघायलोय म्या! खाली माणूस हाय!"

"थांबा. वाटा किती आल्यात, बघते."

देखभालीची तिची वाट वेगळी आहे, तिथून तिनं मला विचारलं. मी सांगितलं, शून्य.

"अरे देवा! सकाळी इकडचा फिल्टर मीच बदललाय. सगळ्या वाटा त्यातच अडकल्यात."

तिनं फिल्टर काढला. वाटा आल्या. मी ताजा आकडा धाडला आणि वळणावर भोंगा ओरडला.

सांजच्याला गोरोबा आला, कमरेपर्यंत भिजलेला. मागं सखूबाई.

"एक मेंढी गेली, जाफरभाई. भोंगा जरा उशिरा वाजला."

सखूबाई म्हणाली, "वाजला न्हवं? घरी चला आता."

मी अजून त्याच खिळ्यावर आहे. जाफर आता दिवा बघून थांबत नाही, वाटा आल्या का तेही रोज विचारतो. तुमच्याकडं माझं एखादं भावंड असेल, तर त्यालाही विचारत जा. आम्ही खोटं बोलत नाही. पण न विचारलेलं सांगतही नाही.